वाचक विचारतात : स्प्रिंगच्या जुन्या पिस्तुलात दम किती?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं जुन्या छऱ्याच्या पिस्तुलांबद्दल आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच : पिस्तूल दिसायला जबरदस्त, पण छर्रा पुठ्ठ्यातूनसुद्धा नीट जात नाही. म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला. गॅसची बाटली आणि हवा भरून ठेवायची टाकी असलेली पिस्तुलं पुढे कधीतरी घेऊ. इथे फक्त स्प्रिंग आणि दट्ट्या.

प्रश्न : आजोबांचं वेब्ली सीनियर, 0.177 इंच बोअरचं (म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याचं), माझ्याकडे आलं आहे. आजोबा त्याच्या ताकदीबद्दल फार सांगायचे. आता दहा पावलांवरून पत्र्याचा डबासुद्धा नीट वाकत नाही. जास्त कडक स्प्रिंग बसवली तर पूर्वीची ताकद येईल का? किती कडक बसवू?

कडक स्प्रिंगचा विचार आधी बाजूला ठेवा. तुमचं निदान रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशा जातीचं आहे, आणि त्यात तुम्ही एकटे नाही. माझ्या बाकावर दुरुस्तीला येणाऱ्या दर दोन सीनियरमागे एकात आधीच्या कुणा हौशी मालकाने नको तेवढी लांब स्प्रिंग कोंबलेली असते.

पूर्वीची ताकद म्हणजे नेमकी किती, ते आधी पाहू. वेब्ली अँड स्कॉटचं पहिलं पिस्तूल, मार्क वन, 1924 साली आलं आणि सीनियर 1930 साली. दोघांचा सांगाडा एकच. नळी वर, हवेचं सिलिंडर तिच्याखाली, आणि नळी पुढच्या टोकाशी बिजागरीवर. मागचा खटका सोडून नळी उचलून पुढे नेली की तीच तरफ होते आणि दट्ट्याला पुढे ओढून स्प्रिंग दाबते. चाप ओढला की दट्ट्या मागे, म्हणजे तुमच्या मनगटाच्या दिशेने धावतो आणि हवा मागच्या भोकातून वर चढून छऱ्याच्या बुडाशी येते. या रचनेमुळे पिस्तूल आखूड राहूनही नळी जवळजवळ पिस्तुलाइतकीच लांब मिळाली. जॉनस्टन आणि फर्न या दोघांची ही कल्पना. मला ती आजही फार हुशारीची वाटते.

पण हवा मुळात थोडी आहे. समजा सिलिंडरचा व्यास 25 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 40 मिलिमीटर, तर दाबायला मिळाली जेमतेम 20 घन सेंटिमीटर हवा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये धावच याच्या दुप्पट असते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझ्याजवळच्या चांगल्या अवस्थेतल्या सीनियरमधून 0.51 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 110 मीटरच्या आसपास निघतो. हिशेब केला तर छऱ्याची ऊर्जा साधारण तीन जूल. ते पिस्तूल तरुण असतानाही यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आजोबांच्या आठवणीतला जोर थोडा पिस्तुलाचा आणि थोडा त्यांच्या तरुणपणाचा असणार.

आता कडक स्प्रिंग घातल्यावर काय होतं? दट्ट्या जास्त वेगाने धावतो, पण हवा तेवढीच. छर्रा जागचा हलून नळीत पुरेसा पुढे जायच्या आत दट्ट्या शेवटाला पोचतो, पुढ्यातल्या दाबलेल्या हवेवर आदळून उसळी खातो आणि दाब ऐन गरजेच्या वेळी पडतो. छऱ्याला मिळतात चार-दोन मीटर जास्त, कधी तेही नाही. पिस्तुलाला मिळतं ते मात्र भरपूर : बिजागरीची खीळ सैल होते, दट्ट्याला अडवून धरणाऱ्या चापाच्या खटक्याची धार झिजते आणि नळी उचलताना तुमचा अंगठा सोलतो. स्प्रिंग लांबही असेल तर वेटोळी एकमेकांवर बसतात आणि चाप अडकण्याआधीच नळी पुढे जायची थांबते. लोक मग जोर लावतात. तेव्हा तरफेचा दुवा वाकतो, आणि तो दुवा सरळ करणं हे काम मी आता घेत नाही.

तुमच्या पिस्तुलाचा दम कुठे जातोय ते शोधायची पद्धत सांगतो. तलम कागदाची, पतंगाच्या किंवा टिश्यूच्या कागदाची, बोटभर पट्टी कापा. नळी बंद केल्यावर तिचं मागचं तोंड सिलिंडरवरच्या भोकाला जिथे भिडतं, त्या सांध्यावर ती पट्टी अलगद ठेवा. नळीत छर्रा असू द्या, समोर दाट पुठ्ठ्यांचा नाही तर मातीचा भरवशाचा आडोसा असू द्या, आणि चाप ओढा. पट्टी जागेवर राहिली तर सांधा धड आहे. फडफडली किंवा उडाली तर तिथला वायसर गेला, आणि छऱ्यामागची हवा तुमच्या भुवयांकडे निघाली आहे. हा वायसर नखाएवढा असतो. तो बदलून पिस्तूल पुन्हा धाप टाकायचं थांबलं, असं मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली दुसरं काही तपासायच्या आधी कागदच ठेवतो.

सांधा धड निघाला तर दट्ट्याची पाळी. सीनियरच्या दट्ट्यावर चामडं नसतं, धातूची फट असलेली रिंग असते, मोटारीच्या इंजिनात असते तशा जातीची. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या पिस्तुलात ही रिंग घट्ट तुपासारख्या जुन्या ग्रीसमध्ये चिकटून बसते आणि फुलून सिलिंडरला टेकतच नाही. नुसती साफ केली, तेलाचा हलका हात फिरवला, की पुन्हा काम करू लागते. झिजलेली असेल तर बदलावी.

आणि स्प्रिंग सर्वांत शेवटी. ती खरोखर बसली असेल, म्हणजे बाहेर काढल्यावर वाकडी-आखूड दिसली, तर मूळ मापाचीच घाला. फक्त ती काढताना जपून : पुढची टोपी फिरवून सुटते तेव्हाही आत स्प्रिंग दाबलेलीच असते आणि शेवटच्या आट्याला टोपी हातातून सुटून उडते. पिस्तूल शिकंज्यात, टोपीच्या रेषेत कुणाचं तोंड नाही, डोळ्याला चष्मा. हे जमत नसेल तर जाणत्याकडे द्या.

प्रश्न : माझ्याकडे एकाच बनावटीची दोन जुनी पिस्तुलं आहेत, एक 0.177 आणि एक 0.22. 0.22 चा छर्रा स्पष्टपणे हळू जातो. तरी जाणकार म्हणतात की ते जास्त ताकदवान आहे. हे कसं?

जाणकार बरोबर आहेत, फरक मात्र थोडाच. 0.177 मधून 0.51 ग्रॅमचा छर्रा 115 मीटरने गेला तर 3.4 जूल होतात. 0.22 मधून 0.93 ग्रॅमचा छर्रा 88 मीटरने गेला तर 3.6 जूल. कारण सोपं आहे. साडेपाच मिलिमीटरच्या छऱ्याचं बूड साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यापेक्षा क्षेत्रफळाने दीडपट मोठं. त्याच हवेला ढकलायला मोठी जागा मिळते, आणि कमी दाबाच्या यंत्राला ती मानवते.

मोठ्या बोअरच्या जुन्या इंग्रजी नळ्यांत मात्र एक खोच आहे. आजचे 5.5 मिलिमीटरचे छर्रे त्यांतल्या काहींत इतके सैल बसतात की नळी खाली केली तर घरंगळून बाहेर येतात. अशा वेळी छऱ्याच्या कडेने हवा निसटते आणि दोष पिस्तुलाला लागतो. बोटाने दाबून बसवावा लागेल असा छर्रा शोधा. मऊ शिशाचा, पातळ झालरीचा, किंचित मोठ्या मापाचा. छर्रा बदलून वेगात पडलेला फरक मी कुठल्याही नव्या स्प्रिंगने पडलेला पाहिला नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. बाबांच्या देखरेखीखाली मी त्यांच्या जुन्या पिस्तुलाचा वेग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजला. पिस्तुलाजवळ मोबाइल ठेवला, पाच मीटरवर पत्रा. दोन आवाजांत 65 मिलिसेकंदांचं अंतर आलं, म्हणून वेग सेकंदाला 77 मीटर. बाबा म्हणतात इतका कमी असणं शक्य नाही.

बाबा बरोबर आहेत, पण तुझी पद्धतही चांगली आहे. एकच गोष्ट निसटली. पत्र्यावरचा टणकार तुझ्या मोबाइलपर्यंत परत यायलाही वेळ लागला. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे पाच मीटरला जवळजवळ 15 मिलिसेकंद. ते 65 मधून वजा कर. उरले 50. पाच मीटर, 50 मिलिसेकंद, वेग सेकंदाला 100 मीटर.

आता ऊर्जा काढ : छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2000, उत्तर जूलमध्ये. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 77 ने धरला तर दीड जूल, 100 ने धरला तर अडीच. वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेगातली चूक ऊर्जेत फुगून येते. त्या 15 मिलिसेकंदांनी तुझ्या बाबांच्या पिस्तुलाचा चाळीस टक्के दम कागदावरच खाल्ला होता.

तुझा आकडा पाच मीटरच्या वाटेवरचा सरासरी वेग आहे. नळीच्या तोंडाशी तो थोडा जास्त असतो, कारण हवेत छर्रा लगेच मंदावतो. क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, मिळाला तर उत्तमच. पण घरात ट्यूबलाइटखाली लावू नकोस, त्या प्रकाशाच्या लुकलुकीने त्याचे डोळे फसतात आणि भलतेच आकडे येतात. आणि एका फेरीवर विसंबू नकोस. दहाएक छर्रे मार, सरासरी बघ, त्याहूनही सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतलं अंतर बघ. ते अंतर तीन-चार मीटरच्या आत असेल तर बाबांना सांग, पिस्तूल ठणठणीत आहे. पंधरा-वीस मीटर निघालं तर सरासरी कितीही छान असली तरी आत काहीतरी गळतंय किंवा जळतंय.

आणि पत्र्याऐवजी पुढच्या वेळी पुठ्ठ्यामागे लाकडी फळी, तिच्यामागे जाड चिंध्यांची पिशवी लाव. पत्र्यावरून छर्रा उलटा येतो. तुम्ही दोघांनी चष्मा लावला होता का, ते तू लिहिलं नाहीस.

प्रश्न : बरीच वर्षं पडून असलेल्या जर्मन पिस्तुलात शिवणयंत्राचं तेल सोडलं. त्यानंतर पहिल्या काही फेऱ्या इतक्या जोरात गेल्या की कानठळ्या बसल्या, नळीतून धूरही आला. ताकद अचानक वाढली याचा आनंद मानावा का?

नका मानू. ते तेल जळत होतं. दट्ट्या हवा एका झटक्यात दाबतो, उष्णतेला बाहेर पडायला वेळच नसतो, आणि त्या क्षणी हवेचं तापमान काही शे अंशांवर जातं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते याच तत्त्वावर. तुमच्या पिस्तुलात खनिज तेलाची वाफ पेटली, स्फोट झाला, आणि त्याने छर्रा पुढे ढकलला तसाच दट्ट्या मागेही फेकला. स्प्रिंगची कडी अशाच वेळी तुटते. चामड्याचा वायसर करपतो, रबराचा असेल तर वितळून चिंध्या होतात.

जुन्या जर्मन पिस्तुलांच्या दट्ट्यावर बहुधा चामड्याची वाटी असते, सायकलच्या पंपात असते तशीच. तिला तेल हवं असतं, पण ते मुरायला हवं, वर तरंगायला नको. चामड्यासाठीचं नीट्सफूट तेल मिळालं तर त्याचे दोन-चार थेंब भोकातून सोडा, पिस्तूल उभं करून रात्रभर ठेवा, जास्तीचं पुसून काढा. सिलिकॉन तेल पेटत नाही म्हणून लोक ते सगळीकडे ओततात. दाबाच्या जागी ते ठीक, पण धातूवर धातू घासतो तिथे त्याचा वंगण म्हणून काही उपयोग नाही. स्प्रिंगला आणि बिजागरीला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही बोटाला काळं लागेल एवढंच.

सध्या जळायचं थांबेपर्यंत क्रोनोग्राफचे आकडे वहीत लिहू नका. एका गृहस्थांनी अशा फेऱ्यांचा वेग मोठ्या अभिमानाने मला कळवला होता. दुसऱ्या पत्रात तुटलेल्या स्प्रिंगचा फोटो होता.

प्रश्न : वाल्थर एलपी 53 इतकं देखणं आणि इतकं दुबळं का?

कारण त्याची स्प्रिंग आणि दट्ट्या मुठीत आहेत. मुठीची लांबी माणसाच्या पंजाने ठरते, म्हणून धाव आखूड, हवा थोडी. दट्ट्या खालून वर धावतो आणि हवेला तिथून नळीकडे वळण घ्यावं लागतं. दोन जूलच्या आसपास मिळाले तर समाधान माना. त्या बदल्यात तोल असा सुंदर मिळाला की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराच्या, जेम्स बाँडच्या, भूमिकेतल्या नटाचा हातात लांब नळीचं पिस्तूल धरलेला तो गाजलेला फोटो आठवतो? ते हेच छऱ्याचं पिस्तूल. छायाचित्रणाच्या वेळी खरं पिस्तूल आलंच नव्हतं, म्हणून छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी स्वतःचं एलपी 53 त्याच्या हातात दिलं. दोन जूलवर एवढी कीर्ती कुणी मिळवली नसेल.

प्रश्न : बाकावर वाळूच्या पिशवीत घट्ट रोवून मारलं तर माझं जुनं पिस्तूल हाताने मारण्यापेक्षा वाईट नेम देतं. उलट व्हायला हवं ना? आणि जास्त ताकदीचं नवीन मॉडेल घेतलं तर नेम सुधारेल का?

स्प्रिंगच्या पिस्तुलात हे असंच होतं. चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि त्या वेळात आत पावशेराच्या आसपासचं लोखंड धावत असतं. तुमचं वेब्लीसारख्या रचनेचं असेल तर दट्ट्या मागे धावताना पिस्तूल आधी पुढे सरकतं आणि दट्ट्या शेवटाला आदळला की मागे उसळतं. छर्रा बाहेर पडतो तो या धक्काबुक्कीतच. म्हणजे पिस्तूल हलणारच. ते दर वेळी सारखंच हलेल एवढंच तुमच्या हाती आहे. मूठ हलकी धरा, दर वेळी तितकीच हलकी. पिशवीवर पिस्तूल टेकवू नका, पिशवीवर हात टेका आणि पिस्तूल हातात राहू द्या. घट्ट रोवलेलं पिस्तूल पिशवीला ढकलून उडी मारतं, आणि पिशवी दर फेरीला थोडी वेगळी बसलेली असते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : ताकद वाढली की लोखंडाची धावाधाव वाढते, नेम सुधारत नाही. जुन्या कारागिरांनी नेमासाठी ताकदीच्या मागे न लागता धक्काच मोडून काढला. 1960 मध्ये डायना 6 आलं. त्यात गिस यांची दुहेरी दट्ट्यांची रचना आहे : एक दट्ट्या हवा दाबायला धावतो, तेव्हाच दुसरा दातेरी चाकामार्फत उलट दिशेला धावतो आणि दोघांचे धक्के एकमेकांना मारतात. हातात धरून चाप ओढला की काही घडलंच नाही असं वाटतं, फक्त कागदाला भोक दिसतं. फाइनवेर्कबाऊ 65 ने 1965 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे नळी आणि सिलिंडर हे सगळं वरचं प्रकरण फेरी सुटताना रुळांवर सरकतं आणि मूठ हातात जागच्या जागी राहते. ऊर्जा म्हणाल तर चार-साडेचार जूल. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, आणि त्यात भोक पाडायला एवढी ऊर्जा पुरून उरते. हा प्रकार 1988 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला तोवर स्प्रिंगची पिस्तुलं मागे पडू लागली होती, पण 65 हातात घेतलेला माणूस ते सहजासहजी विकायला काढत नाही.

स्प्रिंगमध्येच ताकद हवी असेल तर वाइराउखचं एचडब्ल्यू 45 आहे. पूर्ण खेचलं, म्हणजे स्प्रिंग पुरी दाबली, तर पाच-सहा जूलपर्यंत जातं. पण त्याच्या बनवणाऱ्यांनीच 0.177 मध्ये खेचायच्या दोन पायऱ्या ठेवल्यात, अर्धी आणि पूर्ण. माझ्या ओळखीचे बहुतेक जण कागदावर नेम धरताना अर्ध्यावरच थांबतात.

आणि मर्यादाही लक्षात ठेवा. जर्मनीत मुक्त विक्रीला 7.5 जूलची सीमा आहे, ब्रिटनमध्ये पिस्तुलाला 6 फूट-पाउंडची, म्हणजे 8.1 जूलची. सीमा ओलांडेल असा फेरफार केलात तर ते कायद्याच्या नजरेत छऱ्याचं पिस्तूल राहत नाही. तुम्ही जिथे राहता तिथला नियम आधी वाचा.

प्रश्न : पिस्तूल खेचून रात्रभर तसंच ठेवलं तर चालेल का? आणि छर्रा न घालता चाप ओढला तर?

दोन्ही नको. खेचून ठेवलेली स्प्रिंग हळूहळू बसते, आणि खेचलेलं पिस्तूल घरात पडून असणं मला स्प्रिंगपेक्षा जास्त खुपतं. छर्रा नसेल तर दट्ट्यासमोर हवेची गादी तयार होत नाही, तो थेट धातूवर आदळतो. खेचल्यावर विचार बदलला तर छर्रा घालून आडोशात मारून टाका. चाप दाबून नळी हाताने हळूच परत आणायचा प्रयोग जुन्या पिस्तुलावर करू नका, खटका झिजलेला असला तर नळी निसटते आणि बोट चेमटतं.